स्कूबाची टाकी पाण्यावर तरंगत ठेवायची: ट्यूब, कॅन, पाइप आणि बाकीचे जुगाड

होडीच्या पंख्यात जाळं गुंडाळलंय, किंवा होडीच्या तळाला बार्नेकल आणि कालवं बसलीत, आणि पाणी जेमतेम दोन-तीन मीटर. अशा ठिकाणी पाठीवर टाकी घेऊन तळाखाली शिरलं की टाकी सारखी फळीला ठोकते, व्हॉल्व्ह सुकाणात अडकतो आणि हात पाहिजे तिथे पोचतच नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे टाकी वर पाण्यावर तरंगत ठेवायची, तिला लांब पाइप लावायचा आणि खाली जाणाऱ्याच्या तोंडात फक्त रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घ्यायचा तो भाग. यात नवीन काही नाही, कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकाच्या शेवटी याच कल्पनेतून स्नूबा निघालं, छोट्या तराफ्यावर टाकी आणि साधारण २० फुटांपर्यंतच खाली जायचं. आपल्याकडे तारकर्ली-मालवणला पर्यटकांना नेतात तेव्हाही बऱ्याच होड्यांवर टाकी होडीतच असते आणि पाइप खाली सोडलेला असतो. आपल्याला इथे होडीशिवाय किंवा होडीच्या बाजूला, हाताशी असलेल्या सामानातून तराफा करायचाय एवढंच.

एक गोष्ट आधी सांगतो मग पुढे जाऊ. ज्याने रीतसर स्कूबा कोर्स केलाय त्याच्यासाठीच हे आहे. "पाच मीटरच तर आहे" असं लोकं म्हणतात, पण टाकीतली हवा खाली ओढून श्वास रोखून वर आलात तर एक-दीड मीटरमध्ये पण फुप्फुस फाटू शकतं. पाठीवर टाकी नाही म्हणून हे स्नॉर्केलिंग होत नाही.

आधी वजनाचा हिशोब

इथेच बहुतेक जुगाड चुकतात, कारण लोकं टाकी हातात उचलून बघतात, १६-१७ किलो लागते, आणि मग भलामोठा तराफा बांधायला घेतात. पाण्यात गणित वेगळं असतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी ॲल्युमिनियमची ८० क्यूबिक फुटाची टाकी घ्या. आतली जागा ११.१ लिटर, दाब २०७ बार, रिकामी टाकी १४ किलोच्या थोडी वर आणि आत भरलेली हवा सुमारे अडीच-पावणेतीन किलो (हो, हवेलाही वजन असतं आणि या कामात ते चांगलंच जाणवतं). समुद्राच्या पाण्यात ही भरलेली टाकी बुडते ती फक्त अर्धा-पाऊण किलोच्या जोराने, आणि हवा संपत आली की उलट दोनेक किलोच्या जोराने तरंगते. स्टीलची १२ लिटरची असेल तर भरलेली तीन-चार किलोने बुडते आणि रिकामी झाली तरी किलोभर बुडतच राहते, मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो.

म्हणजे टाकी पाण्यात आडवी पडू दिली तर तिला वर धरायला दोन-पाच किलो पुरतात, पण तीच टाकी पूर्ण कोरडी, तराफ्याच्या वर ठेवायची म्हटली तर तिचं सगळं १७ किलो वजन तराफ्यावर येतं, वर रेग्युलेटर, टाकी ठेवायचा क्रेट, इशाऱ्याचा झेंडा मिळून २० किलो धरा. आणि वजन वर गेलं की तराफा डुलायला लागतो, बाजूने एक मच्छीमार बोट वेगात गेली की सगळं उलटं. म्हणून माझं ठाम मत, टाकी पाण्यात लोळू द्या, वर ठेवू नका. तरंगवणं सोपं असतं हो, सरळ आणि एका जागी धरून ठेवणं हेच खरं काम आहे, पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे.

फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हवर बसणारा आणि हवेचा दाब कमी करणारा रेग्युलेटरचा भाग, पाण्याबाहेर राहिली पाहिजे म्हणून पण लोकं धडपडतात. कशाला? ती पाण्याखाली चालायलाच बनवलेली असते. व्हॉल्व्ह उघडा आणि रेग्युलेटरमध्ये हवेचा दाब असेल तर आत पाणी जात नाही. बाहेर ठेवायचा एकच फायदा, वर थांबलेल्या माणसाला टाकीतला दाब दाखवणारा गेज पटकन दिसतो, आणि त्यासाठी गेज उचलून क्रेटला टांगला की झालं.

आता किती तरंगशक्ती लागते ते. टाकीचे दोन-चार किलो, रेग्युलेटर आणि पाइपचे दीड-दोन, क्रेट-झेंड्याचे दोनेक, आणि खालच्या माणसाने ओढलं की पाइपवर येणारा ताण पाच-दहा किलोसुद्धा होतो. मी १५ किलो हा किमान आकडा धरतो, २० असेल तर उत्तम. एक लिटर बंद हवा म्हणजे समुद्रात एक किलोला किंचित जास्त उचल, त्यातून त्या डब्याचं स्वतःचं वजन वजा करा, एवढंच सूत्र. पवना-खडकवासल्यासारख्या गोड्या पाण्यात उचल अडीचेक टक्के कमी मिळते, त्याने काही बिघडत नाही.

पहिला उपाय: बीसीडी (हवा भरून फुगणारं डायव्हिंगचं जॅकेट), जी तुमच्याकडे आहेच

सगळ्यात कमी डोकेफोड. टाकी नेहमीसारखी बीसीडीला बांधा, जॅकेट फुगवा आणि पाण्यात सोडा. साध्या जॅकेटची उचल १५-२० किलोच्या घरात असते, काम भागतं. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली, फुगवून झालं की इन्फ्लेटरचा, म्हणजे टाकीतून जॅकेटमध्ये हवा भरणारा, पाइप काढून टाका. इन्फ्लेटरचं बटण वाळू-मिठाने अडकलं की तो जॅकेटमध्ये हवा भरतच राहतो, जास्तीची हवा ओव्हरप्रेशर व्हॉल्व्हमधून फुसफुस बाहेर, आणि खाली असलेल्या माणसाची हवा अशीच वाया जाते. दुसरी, ॲल्युमिनियमची टाकी जशी रिकामी होते तशी तिची बूड वर यायला लागते, कारण दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरचं वजन असतं. सुरुवातीला छान आडवी असलेली टाकी शेवटी वाकडी-तिकडी होऊन फिरायला लागते आणि पाइपला पीळ बसतो. त्यावर उपाय, बुडाजवळ शिशाची दोन किलोची वजनं पट्ट्यात ओवून ठेवा.

पट्टा आवळण्याआधी ओला करा. कोरडा असताना कितीही घट्ट बांधा, पाण्यात भिजला की सैल होतो आणि टाकी घसरते. कोर्समध्ये शिकवतात, तरी घाईत सगळे विसरतात.

दुसरा, राखीव रेग्युलेटर, म्हणजे ऑक्टोपस, लावलेलाच असेल तर त्याचं तोंड खालच्या बाजूला राहील असं अडकवा. तोंड वर राहून पाण्यात पडला की तो स्वतःहून सुरू होतो आणि बुडबुडे थांबत नाहीत. नको असेल तर काढून फर्स्ट स्टेजवरच्या त्याच्या भोकाला (पोर्टाला) प्लग लावा.

दुसरा: ट्रक किंवा कारची ट्यूब

कोकणात पोहायला शिकणाऱ्या पोरांपासून सगळ्यांना माहितीये. टायरवाल्याकडे जुनी ट्यूब स्वस्तात मिळते. कारच्या ट्यूबमध्ये ३०-३५ लिटर हवा मावते, ट्रकच्या ट्यूबमध्ये १०० लिटरच्या आसपास, म्हणजे कारची पण गरजेपेक्षा जास्त आहे. ट्रकची घ्यायचं कारण उचल नाही, रुंदी. जितकी रुंद तितकी उलटत नाही, आणि दमलेला माणूस वर आल्यावर धरून लटकू पण शकतो.

मधल्या भोकात भाजीवाल्यांचा प्लास्टिक क्रेट बसवायचा. इथे एक अडचण येते ती आधीच माहीत असलेली बरी. तो क्रेट साधारण ६० सेंटीमीटर लांब असतो आणि आपली ८०ची टाकी नुसतीच ६६ सेंटीमीटर, वर व्हॉल्व्ह वेगळा. म्हणजे ती मावत नाही. क्रेटच्या एका आखूड बाजूला वरून खाच कापा, टाकीची मान त्यातून बाहेर येऊ द्या आणि कापलेल्या कडेवर जुन्या पाइपचा तुकडा चिरून बसवा, नाहीतर ती धार पाइपला आणि हाताला लागते. क्रेट ट्यूबला चार कोपऱ्यांत बांधा, इतका खाली की टाकीचा अर्ध्याहून जास्त भाग पाण्यात राहील. तळाला भोकं असतातच, पाणी येऊ-जाऊ दे. क्रेट नसेल तर जुन्या जाळ्याचा तुकडा भोकावर ताणून झोळी केली तरी चालतं, पण त्यात टाकी गोल फिरते, म्हणून मानेला आणि बुडाला दोन्हीकडे दोर पाहिजे.

ट्यूबचा वैरी म्हणजे जेट्टीचे खांब. त्यावर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, एक घासली की संपलं. म्हणून जुनी गोणी किंवा ताडपत्री गुंडाळा, हवा भरायच्या व्हॉल्व्हला चिंधी बांधून तो आतल्या बाजूला ठेवा, आणि सकाळच्या गारव्यात ट्यूब टम्म फुगवू नका, दुपारी ऊन तापलं की आतली हवा वाढते. आणि अख्खी भिस्त एका ट्यूबवर नको, बाजूला एक रिकामा दहा लिटरचा कॅन बांधून टाका. पंक्चर झाली तरी टाकी तरंगत राहील.

तिसरा: प्लास्टिकचे कॅन

माझा आवडता. २० लिटरचे दोन कॅन, टाकीच्या एक इकडे एक तिकडे, मध्ये टाकी आडवी. प्रत्येकी १९ किलोच्या आसपास उचल, म्हणजे एक फुटला तरी दुसरा सांभाळतो. झाकणाचं रबरी वायसर तपासा, झाकण वर येईल असे बांधा, आणि बांधायच्या आधी कॅन बादलीत दाबून बुडबुडे येतात का बघा. कॅन तेलाचा असेल तर साबणाने घासून धुवा, बाहेरचं तेल पट्ट्याला लागलं की पट्टा सरकतो, आणि जास्त दाबाच्या व्हॉल्व्हच्या आसपास तेलकटपणा तसाही नको.

कॅनला दोन आडव्या काठ्या बांधा, बांबू चालतो, एक टाकीच्या खांद्याजवळ आणि एक बुडाजवळ, आणि टाकी त्या काठ्यांच्या खाली लटकवा. वर नाही, खाली. कॅन वर आणि वजन खाली असलं की हा तराफा उलटवायचा म्हटलं तरी उलटत नाही. बांधायला नायलॉन दोरापेक्षा ट्रकवाले वापरतात तो रॅचेट पट्टा बरा, नायलॉन भिजला की ताणतो. दोरच असेल तर पाण्यात दहा मिनिटं ठेवून परत आवळा.

चौथा: पीव्हीसी पाइप

वरचेवर काम असेल, म्हणजे स्वतःची बोट आहे आणि दर महिन्याला तळ घासायचा असतो, तर एकदाच पाइपचा तराफा करून ठेवा. ११० मिलिमीटरच्या, म्हणजे सगळे चार इंची म्हणतात त्या पाइपमध्ये मीटरला साडेनऊ लिटर जागा असते, पाइपचं वजन वजा जाता मीटरमागे साडेसात-आठ किलो उचल हातात राहते. एक-एक मीटरचे दोन लांब आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन आडवे, चौकट केली की २० किलोच्या वर सहज जातं. कोपऱ्यांना एल्बो लावून सगळी चौकट एकच पोकळी करण्यापेक्षा चारही तुकडे दोन्हीकडून कॅप लावून वेगवेगळे बंद करा आणि मग एकमेकांना बांधा, एका सांध्याला चीर गेली तर सगळ्या चौकटीत पाणी भरत नाही. सोल्युशन लावल्यावर एक दिवस वाळू द्या.

बाकीचे पटकन सांगतो. थर्माकोल नको, कडा झिजून त्याचे दाणे समुद्रात पसरतात आणि पेट्रोल लागलं तर विरघळतो. जाळ्याचे बोये चांगले, पण पुरेसे गोळा करायला लागतात. पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा पोहायच्या टाकीत किंवा विहिरीत प्रयोग म्हणून ठीक, समुद्रात झाकणं दगा देतात. कयाक किंवा सप बोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) असेल तर प्रश्नच मिटला. आणि होडीवरची लाइफबॉय रिंग या कामाला घेऊ नका, ती ज्याच्यासाठी आहे त्याच्यासाठी रिकामी राहू दे.

पाइप आणि दोर

तराफा कसाही असो, जीव या भागावर असतो. पाइप श्वासाच्या हवेसाठी बनवलेला लो प्रेशर पाइपच पाहिजे, हुक्का डायव्हिंगच्या (वरून पाइपने हवा घेऊन करायच्या डायव्हिंगच्या) किटमध्ये मिळतो तो. फवारणी पंपाचा, वेल्डिंगचा, बागेचा, काही चालणार नाही. फर्स्ट स्टेजमधून येणारा दाब ९-१० बार असतो, आणि स्वस्त पाइपच्या रबराचा वास आणि रसायनं थेट छातीत जातात. डायव्हरच्या टोकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, वर पाइप फुटला तर खालची हवा उलटी ओढली जाऊ नये म्हणून.

खोली पाच-सहा मीटरच्या आतच, आणि पाइपची लांबी पण तेवढीच ठेवा की मोहच होणार नाही. याला कारण आहे. पाठीवरची फर्स्ट स्टेज तुमच्याबरोबर खाली जाते, तिला खोलीचा दाब कळतो आणि ती तेवढा जास्त दाब देते. वर तरंगणारीला तुम्ही किती खाली आहात ते कळतच नाही. सहा मीटरवर अर्ध्या-पाऊण बारचा फरक पडतो तो चालून जातो, पण जास्त खोल गेलात, वर पाइप लांब, आणि तुम्ही जोर लावून घासताय, तर श्वास ओढायला जड जातो आणि माणूस घाबरतो.

पाइपच्या जोडीने आठ मिलिमीटरचा दोर घ्या, पाइपपेक्षा हातभर आखूड, आणि दर अर्ध्या मीटरला दोन्ही एकत्र टेपने बांधा. वरचं टोक तराफ्याच्या चौकटीला, टाकीला किंवा फर्स्ट स्टेजला नाही. खालचं टोक डायव्हरच्या हार्नेसला, झटक्यात सुटेल अशा क्लिपने. त्याने तराफा ओढला गेला तरी ताण दोरावर येतो, तोंडातल्या रेग्युलेटरवर नाही. आणि टाकीच्या मानेला एक वेगळा सुरक्षेचा दोर, थेट चौकटीला. खरं सांगायचं तर तराफा बुडाला म्हणून हवा बंद होत नाही, टाकी बुडत बुडत पण हवा देतच राहते. धोका असतो तो त्या अचानक बसणाऱ्या हिसक्याचा, दात सोडून रेग्युलेटर निघून जातो.

हवेचा हिशोब वरच्या माणसाकडे

गेज वर, माणूस खाली, त्यामुळे किती हवा उरलीय ते खालच्याला दिसतच नाही. म्हणून वर एक माणूस पाहिजेच, आणि त्याने फक्त हेच काम करायचं, फोनवर बोलायचं नाही. २०० बारला ११.१ लिटरच्या टाकीत साधारण २,२०० लिटर हवा. ५० बार राखून ठेवले तर वापरायला १,६५० राहतात. शांत माणूस मिनिटाला २० लिटर घेतो, पाच मीटरवर दीडपट म्हणजे ३०, तर ५५ मिनिटं. पण तळ घासणारा माणूस शांत नसतो, ३५ लिटर धरा, तीन मीटरवर ४५ होतात, ३५ मिनिटांत खेळ खलास. मी अर्ध्या टाकीला वर बोलावतो, मग बसून ठरवायचं.

दोराच्या खुणा पाण्यात उतरायच्या आधी ठरवा. डायव्हरांमध्ये चार हिसके म्हणजे वर ये, एक हिसका म्हणजे ठीक आहेस का, हे रुळलेलं आहे, तेच ठेवा. आणि अंगावर छोटी तीन लिटरची राखीव टाकी तिच्या स्वतःच्या रेग्युलेटरसकट. ती नसेल तर मी तरी होडीच्या तळाखाली जाणार नाही, कारण डोक्यावर छप्पर असताना सरळ वर येता येत नाही.

प्रत्यक्ष काम

आधी गुडघाभर पाण्यात तराफा सोडा, टाकी बांधून, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून. हाताने दाबा, ओढा, एका बाजूला झुकवा. मग कंबरभर पाण्यात पाइप तोंडात घेऊन पाच मिनिटं डोकं खाली घालून श्वास घ्या. इथे काहीही खटकलं तर आजचा दिवस रद्द.

होडीजवळ तराफा दोन-तीन मीटरच्या दोराने होडीलाच बांधा, मोकळा सोडू नका, आणि होडी व जेट्टीच्या मध्ये तर मुळीच नको, एका लाटेत चेपला जातो. मोकळ्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला. इंजिन बंद, चावी खाली जाणाऱ्याच्या खिशात, तांडेल कितीही ओळखीचा असो. जेट्टीवरून होडीला वीज घेतलेली असेल तर ती वायर काढून ठेवायची. तराफ्यावर अल्फा झेंडा (खाली डायव्हर आहे ही खूण), निळा-पांढरा, पाण्यापासून मीटरभर तरी वर. खाडीत असाल तर भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात उतरा, ओहोटीचा ओढ सुरू झाला की तराफा आणि माणूस दोघंही एकाच दिशेला निघतात. मे अखेर ते ऑगस्ट अखेर आपल्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंदच असतात आणि पाण्यात काही दिसतही नाही.

जाळं कापताना पाइप नेहमी पाठीमागे, चाकू पुढे. पंख्याभोवती पाइपचं वेटोळं पडलं तर आधी थांबा, मग मागे सरका, वर ओढायला सांगू नका. तळाच्या रंगात तांबं असतं, खरवडलं की सगळं पाण्यात जातं, त्यामुळे मालवणच्या सागरी अभयारण्यात वगैरे हे काम करू नये, होडी वर ओढून करा.

संपल्यावर आधी डायव्हर वर, मग व्हॉल्व्ह बंद, मग पर्ज बटण दाबून पाइपमधला दाब काढा, आणि त्यानंतरच टाकी तराफ्यातून सोडा. टाकी पूर्ण रिकामी करू नका, ३०-४० बार राहू दे म्हणजे आत पाणी जात नाही. होडीत आडवी ठेवून दोन्हीकडून अडकवा, लोळू देऊ नका. पाइप, पट्टे, रॅचेट सगळं गोड्या पाण्याने धुवा, रॅचेट मिठाने दोन आठवड्यांत जाम होतो, आणि ट्यूबमधली हवा काढून ती सावलीत टांगून ठेवा.